वेड पांघरून पेडगावला

"वेड पांघरून पेडगावला जाणे" ह्याचा वाक्यात उपयोग आपण सगळ्यांनी शाळेत करून झालाय. वेडाचं सोंग घ्यायचं आणि आपलं काम साधून घ्यायचं. त्या म्हणीतलं पेडगाव भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं म्हणून सांगतात. माझं पेडगाव परभणी तालुक्यातलं. पण हा भूगोल समजावून सांगेपर्यंत समोरच्याने "वेड पांघरून आलास काय?" हा विनोद करून घेतलेला असतो. पहिली शंभर वेळा हसू येतं, मग सवय होते. सध्या मात्र मी सरळ "हो" म्हणून टाकतो. कारण गेले काही महिने शनिवार-रविवारी आम्ही सहा जण मिळून एक टेक्स्ट एडिटर लिहितोय, आणि तो सहा वेगवेगळ्या भाषांत लिहितोय.

अट एकच होती. ज्या भाषेचा आपल्याला पगार मिळतो ती भाषा चालणार नाही. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, सी शार्प सगळे दाराबाहेर. ज्या भाषेच्या नावाने नोकरीची एकही जाहिरात पाहिली नसेल ती घ्यायची. शास्त्रीय संगीतात जसे अनवट राग असतात ना, तशा अनवट भाषा.

ऑफिसात हे सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो: ह्याचा उपयोग काय? एडिटर तर ढिगाने फुकट मिळतात. शिवाय आता एआय कोड लिहून देतो म्हणे, मग हे कशाला?

माझं मत सरळ आहे. ज्याला मराठी लिहिता येतं आणि प्रोग्रॅमिंग येतं अशा प्रत्येकाने एकदा तरी हा उद्योग करावा, आणि तो चारपाच जणांनी मिळून, वेगवेगळ्या भाषांत करावा. का, ते सांगतो.

एडिटरच का?

कारण ही गोष्ट बाहेरून एवढीशी दिसते आणि आत विहिरीसारखी खोल आहे. अक्षर टाईप केलं, दिसलं, सेव्ह केलं, संपलं. साल्व्हातोरे सानफिलिप्पो ह्या माणसाने २०१६ मध्ये 'किलो' नावाचा एडिटर सी मध्ये हजारभर ओळींत लिहून दाखवला. म्हणजे वीकेंडला सुरुवात करता येईल इतकं ते लहान आहे. आणि तरीही केन थॉम्प्सनच्या १९६९ च्या 'एड'पासून आजतागायत लोक नवेनवे एडिटर लिहितायत, म्हणजे कुणाचंच पूर्ण समाधान झालेलं नाही.

आणि आमचा वेडेपणा काही जगावेगळा नाही बरं. ज्याला आज लोक डोक्यावर घेतात तो ईमॅक्स मुळात काय होता? एमआयटीमध्ये 'टेको' नावाचा एक जुना एडिटर होता. त्याच्या आज्ञांची भाषा इतकी दुर्बोध, की टेकोत आपलं नाव टाईप करायचं आणि त्याने काय काय उडेल ते ओळखायचं, असा एक टवाळ खेळ प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या लोकांनी त्या भाषेत आपापल्या सोयीचे मॅक्रो लिहून ठेवले होते. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील वगैरे मंडळींनी ते एकत्र आणले आणि त्यातून ईमॅक्स झाला. नावातच 'एडिटर मॅक्रोज' आहे. अनवट भाषा, बरेच हात आणि एक एडिटर. म्हणजे आमच्या वेडाला परंपरा आहे :)

वाटणी

कामं अशी वाटली. टाईप केलेला मजकूर मेमरीत धरून ठेवायचं काम फोर्थमध्ये. फोर्थ म्हणजे चार्ल्स मूरची भाषा, त्यात सगळं स्टॅकवर आणि उलट्या क्रमाने, "दोन तीन बेरीज" असं लिहायचं. मजकूर ठेवायची युक्ती जुनीच आहे. कर्सरच्या जागी मोकळी फट ठेवायची. टाईप केलं की फट भरत जाते, आणि कर्सर हलवला की फट सरकते. त्यामुळे एक अक्षर घातलं म्हणून पुढचं अख्खं पुस्तक एकेक घर सरकवावं लागत नाही.

शोधायचं काम 'आयकॉन' भाषेत. राल्फ ग्रिसवोल्डने स्नोबोलनंतर केलेली ही भाषा, मजकुराची चिरफाड करण्यातच तिची हयात गेली. खिडकी आणि पडद्यावर दाखवणं 'व्हाला'मध्ये, कारण तिच्यातून लिनक्सवरची जोडाक्षरं जुळवणारी तयार यंत्रणा वापरता येते. एकाच फाईलवर दोघांनी एकाच वेळी टाईप करायची सोय एर्लांगमध्ये. टेलिफोन एक्सचेंजसाठी एरिक्सनमध्ये जन्मलेली ही भाषा, समोरचा मध्येच गायब होणार हे गृहीतच धरते. फाईल सेव्ह करणं एडामध्ये. आणि एक अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे ठरवायचे नियम प्रोलॉगमध्ये. हे शेवटचं माझ्याकडे.

सेव्ह करण्याबद्दल दोन ओळी, कारण आमच्या गावाकडे त्याला महत्त्व आहे. मूळ फाईलवरच लिहायला घेतलं आणि मध्येच लाईट गेली तर जुनंही जातं आणि नवंही जातं. म्हणून शेजारी तात्पुरत्या फाईलमध्ये सगळं लिहायचं, ते खरंच डिस्कवर पोचलं ह्याची खात्री करून घ्यायची, आणि मगच नाव बदलून जुन्याच्या जागी बसवायचं. तीनच पायऱ्या, पण त्यांचा क्रम चुकवायचा नाही. ज्या भाषेचा जन्म अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झाला, तिला हे काम दिल्यावर ती कंपायलरच्या पातळीवरच इतके प्रश्न विचारते की सेव्ह करणाराच वैतागतो. पण नंतर शांत झोप लागते.

हे सहा तुकडे सहा वेगळे प्रोग्रॅम. एकमेकांशी साध्या मजकुराच्या ओळींत बोलतात: अमुक जागी हे घाल, अमुक जागेपासून इतकं काढ, कर्सर अमुक जागी ने.

"जागा" म्हणजे काय?

पहिल्यांदा सगळे तुकडे जोडले तेव्हा इंग्रजी मजकूर झकास चालला. मग एकाने "विद्यार्थ्यांना" हा शब्द टाईप केला, आणि कर्सर गेला ओळीच्या पार बाहेर. कुणाच्या कोडमध्ये गडबड म्हणून शोधत बसलो, तर गडबड कुणाच्याच कोडमध्ये नाही. मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: ह्या शब्दाची लांबी किती?

फोर्थ, आयकॉन आणि एडा म्हणाले ४५. कारण त्यांनी बाइट मोजले, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट खातो. प्रोलॉग म्हणालं १५. त्याने युनिकोडचे घटक मोजले: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. मोजून बघा, पंधराच आहेत. एर्लांगच्या तयार फंक्शनने सांगितलं ७, कारण युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे पाय मोडला की अक्षर तिथेच संपलं असं धरायचे. म्हणून वि, द्, या, र्, थ्, यां, ना.

आईला विचारलं. तिने बोटांवर मोजलं: वि, द्या, र्थ्यां, ना. चार!

४५, १५, ७ आणि ४. एकच शब्द, आणि चारही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. डिस्कवर किती जागा लागेल हे विचारत असाल तर ४५ बरोबर. किती घटक साठवले हे विचारत असाल तर १५. पण कर्सरचा बाण किती वेळा दाबल्यावर शब्द ओलांडावा, ह्याचं उत्तर मराठी माणसाच्या दृष्टीने फक्त चार आहे. गंमत म्हणजे युनिकोडलाही हे २०२३ मध्ये पटलं. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत नियम आला की देवनागरीसारख्या लिप्यांत व्यंजन, हलन्त, व्यंजन अशी साखळी तोडायची नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. म्हणजे जोडाक्षर हे एक अक्षर आहे ही पहिलीतल्या पोराला माहीत असलेली गोष्ट नियमात यायला बत्तीस वर्षं लागली.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. आम्ही सगळा एडिटर एकाच भाषेत लिहिला असता तर त्या भाषेने जे उत्तर दिलं असतं तेच आम्ही उत्तर म्हणून धरून चाललो असतो. पायथनने १५ सांगितलं, चला, १५. प्रश्न पडलाच नसता. कर्सर थोडा विचित्र वागला असता, आणि "मराठीत असंच होतं" म्हणून आपण नेहमीप्रमाणे सोडून दिलं असतं. सहा भाषा एका टेबलाशी बसवल्या आणि त्यांची भांडणं झाली, म्हणून आमच्या डोळ्यांना दिसलं की भाषेने आपल्या वतीने एक निर्णय परस्पर घेऊन टाकलेला असतो.

मग आम्ही कोड बाजूला ठेवला आणि दोन रविवार फक्त एक पान लिहिलं. त्याला आम्ही करारनामा म्हणतो. तुकड्यांमध्ये जाणारी प्रत्येक जागा ही युनिकोडच्या घटकांत मोजायची. कर्सर आणि निवड मात्र अक्षरांत, आणि अक्षर म्हणजे काय ते फक्त प्रोलॉगचा तुकडा ठरवणार. माझ्या दृष्टीने आतापर्यंतचं सगळ्यात मोलाचं काम ते एक पान आहे.

हा प्रश्न काही हौशी लोकांचाच नाही. आज बहुतेक एडिटर भाषेची जाण ज्या प्रोटोकॉलमधून मिळवतात, तो लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ मध्ये आला. त्यात ओळीतली जागा मोजायचं माप ठरलं यूटीएफ-१६ चं. जावास्क्रिप्टच्या घरात जन्म झाला, म्हणून जावास्क्रिप्टचं माप. रस्ट, गो वगैरे बाइट मोजणाऱ्या मंडळींना प्रत्येक ठिकाणी रूपांतर करत बसावं लागलं. शेवटी २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत माप कुठलं ते आपसांत ठरवायची मुभा मिळाली. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक बसून जे भांडले, तेच आम्ही सहा जण शनिवारी दुपारी भांडलो. शिकायचं ते हेच.

बॅकस्पेस आणि शेतकरी

नियम लिहायला बसल्यावर असे प्रश्न निघाले की व्याकरणाच्या मास्तरांनाही मजा यावी. "र्थ्यां" लिहिलं आणि बॅकस्पेस दाबली. काय जावं? फक्त अनुस्वार, का अख्खं अक्षर? माझं मत: बॅकस्पेसने शेवटचा घटक जावा, कारण आपण नुकतंच दाबलेलं बटण मागे घेत असतो. आणि डिलीटने पुढचं अख्खं अक्षर जावं, कारण अर्धं अक्षर पुढून कापलं की मागे लोंबणारा काना उरतो. ह्यावर दोघांचं अजून माझ्याशी पटलेलं नाही. पण निदान भांडण योग्य प्रश्नावर चाललंय.

त्याहून गंभीर प्रकार पुढचा. हे दोन शब्द बघा: शेतकऱ्यांना आणि शेतकर्‍यांना. पडद्यावर सारखेच दिसायला हवेत. पण आत वेगळे आहेत. पहिल्यात खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडलाय. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक घटक. डोळ्यावरच्या पापणीसारखा दिसणारा हा र मराठीला हरघडी लागतो. वाऱ्यावर, बिऱ्हाड, दऱ्या, तऱ्हा. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत, आणि त्या एकमेकींच्या बरोबरीच्या मानलेल्या नाहीत. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला की साधा शोध सांगतो, सापडला नाही.

आता कल्पना करा, एखाद्या जिल्ह्याच्या यादीत अर्ध्या नोंदी एका कीबोर्डने भरल्यात आणि अर्ध्या दुसऱ्या. "शेतकऱ्यांना" शोधलं आणि अर्ध्याच ओळी आल्या. माणसाला कळणारही नाही की उरलेल्या राहिल्या, कारण डोळ्यांना दोन्ही सारखेच. ज्या गावात कापूस-सोयाबीनवर घर चालतं तिथे बसून हे बघितलं की हा बग विनोदी वाटेनासा होतो. आमच्या आयकॉनवाल्याने शोधायच्या आधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायला दहाबारा ओळी लिहिल्या. दहाबारा ओळींचं काम! फक्त ते करायला हवं हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

आणि ते कुणाच्या लक्षात येणार? ज्याला रोज मराठी लिहावं लागतं त्याच्या. आपल्या आधीच्या लोकांनी हे केलंय. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवून भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या गेल्या, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक झालं. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो मंगल फाँट वाचला तो र. कृ. जोशींनी घडवला. ॲ हे एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. ह्यातलं काहीच आपोआप झालेलं नाही. कुणीतरी "हे असं चालणार नाही" म्हणून मागे लागलं, म्हणून झालं. आपली पिढी मात्र जगभरच्या बँकांचे पेमेंट गेटवे लिहिते, आणि घरच्या ग्रुपवर रोमन लिपीत "kay kartoy" चं देवनागरी करायचाही कंटाळा करते.

आक्षेप

सगळ्यात भक्कम आक्षेप असा, की अनेक भाषांत तुकडे करून एडिटर लिहिणं ही वाईट रचना आहे. ह्याला पुरावाही आहे. राफ लेव्हियन ह्यांचा 'झाय' एडिटर असाच होता. गाभा रस्टमध्ये, मॅकवरची खिडकी स्विफ्टमध्ये, इतर खिडक्या इतरांनी आपापल्या आवडीच्या भाषांत केलेल्या, मध्ये जेसनचे निरोप. अतिशय हुशार माणसं होती. २०२० मध्ये लेव्हियननी स्वतःच लेख लिहून सांगितलं की प्रोग्रॅमचे असे वेगळे तुकडे करण्याने सोप्या गोष्टीही अवघड होऊन बसल्या. मला हे शंभर टक्के मान्य आहे. ज्यावर कुणाचं पोट अवलंबून आहे असा एडिटर असा लिहू नये. आमचा एडिटर विकायचा नाही, कुणाला वापरा म्हणूनही सांगायचं नाही. आमच्याकडे ह्यावर म्हणच आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी! पण लेव्हियनचा लेख वाचून जे डोक्यात शिरलं नसतं ते स्वतः तुकडे जोडताना शिरलं.

दुसरा आक्षेप, रेझ्युमेवर काय लिहिणार? काही नाही. आठवड्यातले पाच दिवस रेझ्युमेसाठीच जगतो की आपण.

तिसरा, एआय. तो पायथनमध्ये एडिटर क्षणात लिहून देतो, खरंय. फोर्थ किंवा आयकॉनमध्ये विचारा. नसलेली फंक्शनं इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की हसू येतं. ज्या भाषांत त्याने फारसं वाचलेलं नाही तिथे विचार आपल्यालाच करावा लागतो. पंचविशीत-तिशीत ह्या व्यायामाची गरज आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि "विद्यार्थ्यांना" मध्ये किती अक्षरं ह्याचा निर्णय तर मी त्याच्यावर अजिबात सोडणार नाही.

करायचंच असेल तर

चार गोष्टी सांगतो. माणसं चारपेक्षा कमी नकोत आणि सातपेक्षा जास्त नकोत. कमी असली तर भांडणं होत नाहीत आणि जास्त असली तर काम होत नाही. प्रत्येकाचा तुकडा शंभर-दोनशे ओळींत बसेल इतकाच ठेवा. करारनामा कोडच्या आधी लिहा, मराठीत लिहा, आणि त्यातल्या प्रत्येक नामाला "म्हणजे काय?" विचारा. आणि चाचणीसाठी हॅलो वर्ल्ड कधीही वापरू नका. पहिल्या दिवसापासून "शेतकऱ्यांना", "विद्यार्थ्यांना", "बिऱ्हाड", "ॲसिड", "वाङ्मय" हे पाच शब्द वापरा. जो एडिटर ह्या पाचांतून सुखरूप बाहेर पडतो तो इंग्रजी सहज पेलतो. उलटं मात्र होत नाही.

आमचा अजून पाचातल्या तिघांतूनच पार पडलाय. "वाङ्मय"च्या ङ् पुढे कर्सर कुठे थांबावा ह्यावर ह्या शनिवारी मीटिंग आहे.